चिंचगूळ

त्यांचा एकच फोटो माझ्याकडे आहे. जाळीच्या दारातून काढलेला, त्यामुळे चेहऱ्यावर चौकोनी रेघा उमटल्या आहेत. चौकटीचा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात फोन, आणि चुकीच्या वर्गात परीक्षेला जाऊन बसलेल्या माणसासारखा चेहरा. फोटोखाली इंग्रजीत आणि कन्नडमध्ये लिहिलंय की हा माणूस इंटरनेट कंपनीचा आहे असं सांगून घरात शिरू बघतो, सावध राहा, पुढे पाठवा. लोकांनी पुढे पाठवला. बंगळूरच्या येलहंक्यातून निघालेला तो फोटो शहरभर फिरून चौथ्या दिवशी माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. फोटोच्या डाव्या कडेला एका निळ्या ओढणीचं टोक दिसतं. ती ओढणी माझी आहे.

ऑफिसात सगळे त्यांना अण्णा म्हणत. बंगळुरात रिक्षावाल्यालाही अण्णाच म्हणतात, त्यामुळे या हाकेत विशेष काही नव्हतं. आमची कंपनी घराघरांत वायफाय पुरवणारे राउटर बनवते. अण्णा त्यांना राउटर कधी म्हणाले नाहीत. ते 'डबा' म्हणत. तिथे ते पंचवीस वर्षं डब्यांच्या आतला प्रोग्रॅम लिहीत आणि तपासत होते. मी नागपूरहून आलेली, आणि माझं काम लिहिण्याचं. एखाद्या डब्यात छिद्र सापडलं, म्हणजे परक्या माणसाला आत शिरता येईल अशी चूक सापडली, की ग्राहकांना ती अशा भाषेत कळवायची की ते घाबरणारही नाहीत आणि कोर्टातही जाणार नाहीत. या कामात मी फार लवकर तरबेज झाले.

पहिल्याच आठवड्यात मी चहाच्या खोलीत आईशी फोनवर बोलत होते. इथे एक म्हातारा आहे, डोक्यावर पडलाय, फोनच्या कॅमेऱ्याला टिकली लावून फिरतो, असं खुशाल मोठ्यानं सांगत होते. इथे मराठी कुणाला कळतंय, हा माझा भरवसा. मागून आवाज आला, "डोक्यावर नाही पडलो गं. स्वल्प वाकडा आहे, तेवढंच." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अण्णांनी मात्र शांतपणे कप विसळला आणि विचारलं, "नागपूर काय? तुमच्यात आमटीला गूळ घालतात की नाही?"

त्यांचं घराणं तीन पिढ्यांपासून बंगळूरचं. त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड असे, आणि तो मराठी नाही असं सांगितलं की ते चिडत. 'सरी' म्हणजे बरं, 'सुम्ने' म्हणजे उगाच. हा शब्द महाराष्ट्रात नाही हे कळल्यावर त्यांना आमची खरोखर कीव आली. मग तुम्ही लोक सुम्ने बसता तेव्हा काय करता, असं त्यांनी मला विचारलं होतं.

टिकल्या त्यांच्या थोरल्या बहिणीच्या. ही अक्का म्हणजे अण्णांचं सगळं घर. लहानपणी आई गेली तेव्हा अण्णा पाच वर्षांचे, अक्का चौदाची. तिनं यांना वाढवलं, ब्लाउज शिवून शिकवलं आणि स्वतःचं लग्न राहून गेलं. अण्णांनीही केलं नाही. राजाजीनगरच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघं राहत.

दर गुरुवारी सकाळी अण्णा एकेका टेबलापाशी येऊन विचारत, "अंघोळ घातली का?" म्हणजे फोनला. फोनवर जे अपडेट येतात, ज्यांनी त्यातली छिद्रं बुजतात, ते घेतले का, असा त्याचा अर्थ. 'उद्या आठवण करा' हे बटण दाबणाऱ्याला ते 'उद्या अंघोळ करणारा माणूस' म्हणत आणि अशा माणसाच्या डब्यातलं लोणचं घेत नसत. दारावरच्या वॉचमनचा फोन ते स्वतः हातात घेऊन अपडेट करत. एका गुरुवारी तो फोन बराच वेळ त्यांच्या हातातच राहिला. कंपनीने त्या मॉडेलकडे पाठ फिरवली होती, आता त्याला काही येणार नव्हतं. आणि त्याच आठवड्यात बातमी होती की नुसता एक फोटो पाठवून फोन ताब्यात घेता येतो. माणसाला तो उघडावाही लागत नाही. वॉचमन विचारत होता, झालं का अण्णा? अण्णांनी फोन परत दिला, "सरी, झालं," म्हणाले, आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं होतं.

चिंचगुळाची गोष्ट त्यांनी मला जेवताना सांगितली. त्या दिवशी माझ्या डब्यात आमटी होती, ती चाखून ते म्हणाले की चिंच आहे, गूळ आहे, पण दोघांची ओळख नाही झालेली. मग सांगू लागले. त्यांचे वडील शिंपी. चिकपेटेत दुसऱ्याच्या दुकानात दिवसभर बसत आणि घरच्या मशीनवर वरकड काम करत. एकदा दुपारी एक माणूस आला. वडलांनी पाठवलंय, मशीन दुरुस्तीला न्यायचंय, म्हणाला. वडलांचं नाव त्याला ठाऊक होतं, दुकानाचं ठाऊक होतं. अक्काने दार उघडलं, त्याला पाणी दिलं, वर मशीन रिक्षात चढवायला हात लावला. मशीन परत आलं नाही. वडील तिला काही बोलले नाहीत. वर्षभर त्यांनी घरचं काम हाताने शिवलं आणि ती समोर बसून बघत राहिली.

त्यानंतर अक्काने नियम केला. दार वाजलं की आतून 'कोण?' असं विचारायचं, आणि बाहेरच्याने नाव सांगायचं नाही, शब्द सांगायचा. नाव कुणीही सांगतो. नियम केला त्या दिवशी तिच्या हाताला चिंचगूळ लागला होता, म्हणून शब्द चिंचगूळ. बाहेर सगळे कन्नड बोलणारे, त्यांच्या तोंडी तो येणार नाही, हाही हिशेब. तो नियम वडलांनाही लागू. दमून आलेला सहा फुटी माणूस स्वतःच्या दाराशी उभा राहून 'चिंचगूळ' म्हणे. एकदा त्यांना आठवेना, तर शब्द आठवेपर्यंत तिने त्यांना पायरीवर बसवून ठेवलं. "अजूनही तसंच," अण्णा म्हणाले. "मी आज घरी गेलो तरी तसंच. शब्द ऐकला की ती कडी काढते आणि वळून आत जाते. कोण आलंय बघतसुद्धा नाही. बघायचं काय? शब्द आला म्हणजे आपलंच माणूस." आम्ही दोघंही खूप हसलो होतो.

दोन वर्षांनी परदेशातल्या एका विद्यार्थ्याची ईमेल आली. त्याने आमचा एक जुना डबा उघडून आतला प्रोग्रॅम वाचला होता. त्यात एक गुप्त खातं होतं. त्या खात्याचा पासवर्ड सांगितला की जगात कुठेही बसून त्या डब्यात शिरता येई, घरातल्या माणसाला पत्ताही लागत नसे. मग तुम्ही बँकेचं पान उघडता आणि समोर बँकेसारखं दिसणारं दुसरंच पान येतं. विद्यार्थी सभ्य होता, त्याने आम्हाला नव्वद दिवस दिले होते. त्यानंतर तो सगळं जाहीर करणार होता. पासवर्ड त्याने खाली लिहिला होता. इंग्रजी लिपीत, मध्ये जागा न सोडता, नऊ अक्षरं.

मीटिंगमध्ये मॅनेजरने तो मोठ्या पडद्यावर लावला. 'चिंच-गल' असं काहीतरी वाचलं आणि विचारलं की ही चिनी भाषा आहे का. कुणी म्हणालं कोरियन वाटतं. डबा बारा वर्षांपूर्वीचा. तेव्हाच्या टीममधले बहुतेक लोक सोडून गेलेले. तो शब्द कुणी घातला हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी अण्णांकडे पाहिलं. ते फोनवरच्या टिकलीकडे पाहत होते. ती नखाने एका बाजूने उचलत होते आणि पुन्हा दाबून बसवत होते.

मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते, हे एक कारण मी स्वतःला दिलं. दुसरं कारण असं की त्या वर्षी माझी बढती त्याच मॅनेजरच्या हातात होती. दुसरं कारण जास्त खरं होतं.

नंतर जिन्यात त्यांनी मला सगळं सांगितलं. ग्राहकाचा डबा बिघडला तर तो इथे बसून दुरुस्त करता यावा म्हणून त्यांनीच ते मागचं दार ठेवलं होतं. डबा कारखान्यातून निघण्याआधी ते काढायचं होतं. घाईत राहून गेलं. पासवर्ड काय ठेवावा असा विचार करताना त्यांना जगातला सगळ्यात भरवशाचा शब्द आठवला. चाळीस वर्षांत एकही चोर त्या शब्दाने आत आला नव्हता.

"तू बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्हीही नाही."

"उद्या बोलतो," असं म्हणून ते थांबले आणि स्वतःशीच पुटपुटले, "उद्या अंघोळ करणारा माणूस."

कंपनीने ठरवलं की डब्याची आयुर्मर्यादा संपलेली आहे, त्यामुळे दुरुस्ती नाही. ग्राहकांनी नवा घ्यावा. सूचना अर्थात मी लिहिली. त्यात एक वाक्य होतं: सदर शब्दाचा उगम कळू शकलेला नाही. जो शब्द मी आमटीसोबत ऐकला होता, त्याविषयी मी हे लिहिलं. अण्णांनी मसुदा दोनदा वाचला आणि म्हणाले, "वाक्य छान झालंय." टोमणा असता तर मला सोसला असता. टोमणा नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मॅनेजरला सांगितलं की शब्द माझा, चूक माझी, दुरुस्ती करू या, लोकांच्या घरात हे डबे अजून चालू आहेत. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याने दार लावून घेतलं आणि त्यांना समजावलं की सूचना गेली आहे, आता हे बोलणं म्हणजे कंपनीने खोटं लिहिलं असं होईल, तुम्ही आठ महिने शांतपणे काढा. अण्णांनी तरीही तीन आठवड्यांत दुरुस्ती लिहून काढली. पण कंपनीची सही असल्याशिवाय डबा नवं काही आत घेत नाही. चोराने खोटी दुरुस्ती घुसवू नये म्हणून केलेली ही सोय. सही त्यांना मिळाली नाही.

तेव्हा मला एक युक्ती सुचली आणि मी ती मोठ्या हुशारीने सांगितली. शब्द तर आपल्याला ठाऊक आहे. त्याच मागच्या दाराने एकेका डब्यात शिरायचं आणि आतून कडी लावायची. कुणाला कळणारही नाही.

अण्णा म्हणाले, "न विचारता आत जायचं, आणि दुरुस्तीला आलोय म्हणायचं. असा एक माणूस आमच्या घरी येऊन गेलाय गं."



कडी तशीच आतून लावायची, पण घरच्यांना विचारून, म्हणून ते पायी निघाले. दर शनिवारी, रविवारी. त्या डब्यांच्या वायफायचं नाव ठरावीक तीन अक्षरांनी सुरू होई, ते रस्त्यावरूनही फोनवर दिसतं. अण्णा गल्लीतून फोनकडे बघत चालत, तीन अक्षरं दिसली की थांबत, कुठल्या घरापाशी जास्त ठळक दिसतात याचा अंदाज घेत आणि दार वाजवत. बेल असली तरी दारच वाजवत. मग हात जोडून कन्नडमध्ये सांगत की मी या कंपनीचा, तुमच्या डब्यात आमच्या हातून एक दार उघडं राहिलंय, दोन मिनिटं द्या, लावून जातो. सगळं अक्षरशः खरं होतं. आणि त्यातलं प्रत्येक वाक्य आजकाल ठग बोलतात तसंच होतं. लोक दार लावून घेत. काही जण शिव्या देत. एका बाईने त्यांच्या अंगावर कुत्रा सोडला होता, तो तेवढा प्रेमळ निघाला.

माझं मन मला खात होतं, म्हणून एका शनिवारी मी बरोबर गेले. येलहंक्याला. तळमजल्यावर एक निवृत्त जोडपं राहत होतं. आजींनी जाळीच्या फटीतून पाण्याचा पेला दिला. आजोबांनी अण्णांचं ओळखपत्र पाहिलं आणि म्हणाले की कार्ड काय, कोपऱ्यावर छापून मिळतं. मग त्यांनी फोन काढला आणि आमच्याच कंपनीची सूचना इंग्रजीत खणखणीत वाचून दाखवली: आपण कंपनीतर्फे आलो आहोत असं सांगणाऱ्या कोणत्याही अनोळखी व्यक्तीला आपल्या राउटरला हात लावू देऊ नका.

ते वाक्यही माझंच होतं.

अण्णांनी मान डोलावली. "बरोबर आहे सर," म्हणाले. "अगदी असंच करायचं. कुणाला आत घेऊ नका." त्याच वेळी आजोबांनी फोटो काढला. परतताना बसमध्ये अण्णा म्हणाले की आजोबा शहाणे आहेत, अशी माणसं जास्त हवीत. मला रडू येत होतं आणि त्यांना काय वाटत होतं मला आजही माहीत नाही.

फोटो फिरला, ऑफिसात पोचला. दुसऱ्या सोमवारी त्यांना घरी बसायला सांगण्यात आलं. पंचवीस वर्षं काम केलेल्या जागेतून ते एक पेन आणि आमटीचा रिकामा डबा घेऊन गेले. मॅनेजरने दुःखी आवाजात आम्हाला विनंती केली की याची चर्चा नको. आम्ही केली नाही. मला बढती मिळाली.

नव्वद दिवस संपले आणि विद्यार्थ्याने सगळं जाहीर केलं. महिनाभराने अण्णांचा फोन आला. ते येलहंक्याला पुन्हा जाऊन आले होते. त्या जोडप्याचं बँकेचं खातं कुणीतरी धुऊन नेलं होतं. ते घर सोडून मुलाकडे गेले होते, शेजाऱ्यांनी सांगितलं. मी म्हटलं, अण्णा, ते आपल्या डब्यातूनच गेलं कशावरून, हजार वाटा असतात.

"असतील," ते म्हणाले. "काय की. पण आपलं दार तर उघडंच होतं."

मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी सांगितलं की आता तो शब्द चोरांच्या याद्यांमध्ये गेलाय. जगभरची यंत्रं रात्रंदिवस दारोदार तो म्हणून बघतात. "अक्काला कसं सांगू? रोज दाराशी उभा राहतो आणि तो शब्द तोंडातून निघता निघत नाही. पण म्हटला नाही तर ती उघडायची नाही." मी काहीतरी धीराचं बोलले. काय बोलले तेही आठवत नाही, इतकं ते पोकळ होतं.

चार महिन्यांनी ते गेले. देवनहळ्ळीच्या बस स्टॉपवर, दुपारी, छातीत कळ येऊन. शेतं मोडून झालेल्या नव्या वसाहतींतून फिरत होते. हातात फोन होता आणि खांद्याला पिशवी. ऑफिसच्या ग्रुपवर तीन ओळी आल्या, त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मीही जोडले.

मी राजाजीनगरला गेले ते त्यानंतर वीस दिवसांनी. आधी जायचं धैर्य नव्हतं. हिरवा रंग दिलेलं दार, बेल नाही. मी वाजवलं.

"कोण?"

मी नाव सांगितलं. अण्णांच्या ऑफिसातली, असंही सांगितलं. कडी निघाली नाही. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा "कोण?" इतकंच आलं, त्याच आवाजात. मी दोन्ही बाजूंना पाहिलं, रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हटलं, "चिंचगूळ."

लगेच कडी निघाली. पांढरा अंबाडा घातलेली एक लहानखुरी बाई वळून आत चालली होती. तिने मागे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या जागी कुणीही असतं तरी चाललं असतं.

आत गेल्यावर तिने मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "शब्द त्याने सांगितला?"

"हो, अक्का."

"मग तू घरचीच," ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

पिशवीत सापडलेली वही तिने मला दाखवली. पानंच्या पानं पत्ते, अण्णांच्या बारीक अक्षरात. काही पत्त्यांपुढे टिकली चिकटवलेली. मी मोजल्या. अकरा. एवढ्या सगळ्यांत अकरा दारं उघडली होती. "माझ्या टिकल्या इथे का चिकटवल्या, काय की," अक्का म्हणाली. "विचारलं तर म्हणायचा, दुरुस्तीचं काम आहे." तिला आमच्या डब्यांतलं काहीच ठाऊक नव्हतं. मी सांगायला गेले होते. शब्द कुणी घातला, कुणी गप्प बसलं, उगम कळला नाही असं कुणी लिहिलं, सगळं सांगायचं ठरवून गेले होते. तिने आमटीभात वाढला आणि मी तो जेवले.

निघाले तेव्हा ती उंबऱ्यापर्यंत आली. मी चपला घालत होते.

"एक विचारू का गं," ती म्हणाली. "आता मी एकटीच. तुझ्याशिवाय आणखी कुणाला सांगितला नाही ना त्याने?"

"नाही, अक्का," मी म्हटलं. "कुणालाच नाही."

"सरी," म्हणून तिने दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मग कडी नीट बसली आहे ना हे पाहायला तिने दार दोनदा ओढून पाहिलं.